पोरीचा रंग उघडला

माझ्या मुलीनं जन्मल्यापासून पहिले आठ दिवस कुणाचीही झोप मोडली नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण तेव्हा अकोल्यात माझ्या माहेरच्या गल्लीत याचं फार कौतुक झालं होतं. बघायला येणाऱ्या बायका दारातूनच हळू आवाजात म्हणायच्या, "भल्ली शांत पोट्टी हाय व," आणि माझी आई असा चेहरा करायची की जणू हा तिचाच हातगुण. मी आत बाजेवर बसून त्या शांत पोट्टीच्या तळपायाला टिचक्या मारत असायचे.

टिचक्या मारायला दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं होतं. घरी सोडताना ती म्हणाली होती, "बाळ झोपाळू आहे. दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं. उठत नसेल तर कपडे काढा, तळपायाला टिचकी मारा, ओलं बोट कानामागून फिरवा. आणि सातव्या दिवशी वजन करायला आणा." मी सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. मी अमरावतीजवळ भातकुलीला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. लिहून घेतल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, आणि अर्धवट कागद आणणाऱ्याला मी खिडकीवरूनच परत पाठवते. लोक मला पाठीमागे खडूस म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण या खडूस बाईला माहेरच्या चार भिंतींत त्या यादीतली एक गोष्ट धड करता आली नाही.

मे महिना होता. अकोल्याचा मे ज्यानं काढलेला नाही त्याला तो समजावून सांगण्यात अर्थ नाही. त्यात बाळंतिणीची खोली. खिडकीला गोधडी, दाराला दुहेरी पडदा, कूलर बंद, कारण त्याचं वारं बाळाला लागेल. उजेड म्हणून झिरोचा बल्ब. मुलीच्या डोक्याला टोपडं, अंगात झबलं, वरून गच्च बांधलेलं दुपटं. मी दुपटं सोडलं की आई यायची आणि परत बांधायची.

"काहून सोडून राहिली व? हवा लागीन ना तिले."

"आई, तिले गरमी होते. उठवा लागते तिले, पाजा लागते."

"निजलेल्या लेकराले कोणी उठवते काय? तुमी तिघं झोपीतच वाढले. एकालेही म्या टिचक्या नाई मारल्या."

तीन लेकरं वाढवलेल्या बाईपुढे मी फोनमधली यादी धरायचे. ती वाचायचीसुद्धा नाही.

माझी आई अडाणी नाही, हे आधीच सांगून टाकते. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरातून पाचवीची पूजा गेली, दृष्ट काढणं गेलं, काळा दोरा गेला. शेजारणीनं मुलीच्या कपाळाच्या कोपऱ्यात काजळाचं बोट लावलं, तर आईनं ती गेल्यावर ते पुसून टाकलं. असल्या गोष्टींत ती अजिबात ऐकून घेत नाही. पण न्हाऊ-माखू, मालीश, शेक आणि हळद हे तिच्या लेखी धर्मात मोडत नव्हतं. ते औषध होतं.

आता पाजण्याविषयी. मी मुलीला छातीशी धरायचे, तिच्या ओठांवर दुधाचा थेंब लावायचे. कधी कधी ती तोंड उघडायची, धरायची, आणि माझ्या अंगातून कळ जायची, तरी मी श्वास रोखून मोजायचे. एक, दोन, तीन, चार. चौथ्यानंतर तिचा जबडा सैल पडायचा, हात खाली लोंबायचा. टिचकी. काही नाही. दुसरी टिचकी. कपाळावर जराशी आठी, परत झोप. हनुवटी हलवायची, पाठीवरून बोटं फिरवायची, नाव नव्हतं ठेवलेलं म्हणून "ए बाई, ए माय, उठ ना, पी ना" असं काहीही म्हणायचं. अर्ध्या-पाऊण तासात तिच्या पोटात चार-चार वेळा चोखलेलं जे काही गेलं असेल ते. तिच्या तळपायावर माझ्या नखाचे लाल ठिपके उठले होते. ते दिसले की मला स्वतःची किळस यायची, आणि दोन तासांनी मी परत तेच करायचे.

तिकडे माझी छाती तटतटून दगड झालेली. गाठी आलेल्या, काखेपर्यंत ठणका, ब्लाऊज सतत ओला. यावरूनच आईचा निकाल लागलेला होता. "दूध तर वाहून राहिलं तुह्यं. मंग उपाशी कशी राहीन ती?" दूध बाहेर वाहतं म्हणजे आत गेलेलं नाही, एवढं साधं वाक्य तेव्हा मला सुचलं नाही. ताप भरायला लागला तेव्हा आईनं गरम फडक्यानं शेकून छाती पिळून दूध काढून दिलं. ते वाटीत जमलं. दूध मोरीत टाकू नये म्हणून आई ते अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतून आली. दिवसातून तीनदा, चारदा. पिळलेलं दूध लेकराला द्यायचं असतं हे तिच्या गावी नव्हतं, आणि मलाही त्या वाटीकडे पाहून सुचलं नाही. मुलगी चार वेळा चोखून झोपत होती आणि कढीपत्त्याला नवी पालवी फुटत होती.

सहाव्या दिवशी मी आईवर ओरडले. कशावरून तर डिंकाच्या लाडवावरून. तिनं लाडू पुढे केला आणि मी तो ताटलीसकट भिरकावला. "मले खाऊ घालून काय करतं? तिले पाज ना! तिच्या पोटात काई नाई जाऊन राहिलं, तुले दिसत नाई काय?" आईनं लाडवाचे तुकडे गोळा केले, आणि बाहेर जाऊन शेजारणीला म्हणाली की बाळंतिणीच्या डोक्यात वारं शिरलं. मला ते सगळं आत ऐकू आलं. मी तोंडात पदर कोंबून रडले, कारण मोठ्यानं रडले असते तर ते खरं ठरलं असतं. तेव्हा मला मनापासून वाटत होतं की मी आई व्हायला लायक नाही. हे वाटणं असं वरवरचं नव्हतं. माझ्याच्यानं होणार नाही, हिला दुसऱ्या कुणाच्या तरी पोटी जायला हवं होतं, असं मी त्या झिरोच्या उजेडात तिच्याकडे बघून म्हणाले होते.

आता हळदीकडे येते. रोज सकाळी न्हाऊ घालणारी मावशी यायची. पाट मांडून, पाय पसरून ती मुलीला पायांवर घ्यायची, तेल चोळायची आणि मग डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून अंगभर लावायची. हळद जरा जास्तच, कारण अमरावतीहून माझ्या सासूबाईंचा तसा निरोप होता. जन्माच्या दिवशीच व्हिडिओ कॉलवर नात बघून त्या म्हणाल्या होत्या, "पोरगी गोड हाय, पण जराशी सावळी वाटते. हळद लावा म्हणा चांगली." मी सावळी आहे. सावळी हा आमच्याकडे मवाळ शब्द आहे. मला लहानपणी आईनं दोन महिने हळद चोळली होती, आणि काहीही फरक पडला नाही हे ती स्वतःच हसून सांगते. तरी नातीला चोळायला तिची हरकत नव्हती. माझीही नव्हती. माझं लग्न ठरताना दोन ठिकाणांहून रंगावरून नकार आला होता; तेव्हा मुलीच्या वाट्याला ते येऊ नये, असं मलाही वाटतच होतं.

आणि पाचव्या दिवशी मुलीचा रंग उघडला.

मावशीनंच दाखवलं. आंघोळीनंतर तिला टॉवेलात घेऊन म्हणाली, "पाहा बाई, अंगाले हळद चढली. सोन्यावाणी दिसून राहिली पोरगी." खरंच, गाल, कपाळ, गळा, सगळीकडे पिवळसर झाक आली होती. आईनं लगेच अमरावतीला फोन लावला. पडद्यावर सासूबाई, मागे नुकताच नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातून पाळी संपवून आलेला माझा नवरा. "रंग उघडला व पोरीचा!" सासूबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "म्या सांगतलं नव्हतं?" नवरा म्हणाला, "किती शांत झोपली ना. माह्यावर गेली." सगळे हसले. मीही हसले. आत कुठेतरी मला बरं वाटलं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाच दिवसांत पहिल्यांदाच मुलीत काहीतरी चांगलं घडत होतं, ती पीत नव्हती पण उजळत तरी होती.

लंगोट कमी ओले होत होते. दोरीवर आधी सात-आठ वाळत असायचे, मग चार, मग तीन. ओल्या लंगोटांवर गडद पिवळे डाग पडायचे. मी मावशीवर चिडले की हळद नीट धुऊन काढत जा, कपड्यांना लागते. मावशीला राग आला. दुसऱ्या दिवशी तिनं जास्त पाणी घातलं, तरी डाग तसेच.

सातवा दिवस वजनाचा होता. मी सकाळपासून म्हणत होते, आज जायचंय. आई म्हणाली, "एवढ्या उनात? बारा दिवसांच्या आत बाळंतीण उंबरा वलांडते काय? लेकराले ऊन लागलं तं?" बाबा म्हणाले संध्याकाळी पाहू. संध्याकाळी कुणी पाहिलं नाही, आणि मीही जोर केला नाही. खिडकीवर बसून दिवसभर लोकांना नियम सांगणारी मी, माझ्याच लेकराच्या तारखेला गप्प बसले. थकले होते म्हणा, भ्याले होते म्हणा. वजन केलं तर मी नापास होईन, अशी ती भीती होती.

आठव्या दिवशी दुपारी लाइट गेली. झिरोचा बल्ब विझला आणि खोलीत काळोख झाला. मुलगी माझ्या मांडीवर तापलेल्या कापडाच्या गाठोड्यासारखी पडली होती. मी टिचकी मारली. कपाळावर आठीही आली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली, जोरात मारली. तिनं तोंड किंचित उघडलं आणि त्यातून आवाज निघाला नाही. मी तिला उचललं आणि दुहेरी पडदा बाजूला सारून सरळ अंगणात गेले.

आई मागून ओरडत आली, "अव वेडी झाली काय? वारं लागीन! ऊन हाय बाहेर!"

मी कढीपत्त्याच्या सावलीत बसले. दुपटं सोडलं, टोपडं काढलं, झबलं काढलं. घरी आणल्यापासून पहिल्यांदा मी माझं लेकरू दिवसाच्या उजेडात बघत होते. ते पिवळं होतं. गालच नव्हे, छाती, पोट, मांड्या, सगळं. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? मावशीनं आजही हळद धुतली नाही. दोरीवरचा पांढरा लंगोट ओढला, माठातल्या पाण्यात बुडवला आणि तिची छाती पुसायला लागले. पुसलं, फडकं बघितलं. परत पुसलं. जोरात, तिची कातडी लालसर होईपर्यंत पुसलं.

फडकं पांढरंच होतं.

मी आईकडे फडकं धरलं. तिला समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. मग मी अंगठ्यानं मुलीची पापणी वर केली. डोळ्यातलं पांढरंही पिवळं होतं. तिथे कुणी हळद लावलेली नव्हती. आईनं तोंडावर हात नेला आणि खाली बसली.

ऑटोत मी मुलीला उघडीच घेऊन बसले होते. आई शेजारी, हातात दुपटं, पण तिनं ते पांघरलं नाही. सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा आई खालच्या आवाजात ऑटोवाल्याला म्हणाली, "दादा, थांबू नको ना." तो थांबलाच, तांबडा दिवा होता. मी तेवढ्यात मुलीच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघितला. दवाखाना येईपर्यंत मी तेच करत होते.

डॉक्टरबाईंनी मुलीच्या कपाळावर बोट दाबून उचललं, मग छातीवर, मग पायावर. वजन केलं. जन्मतः पावणेतीन किलो होती ती सव्वादोनवर आली होती. रक्त घ्यायला टाचेत सुई टोचली, तर ती रडलीसुद्धा नाही, नुसती वाकडी झाली. "कावीळ आहे, आणि पोटात दूध गेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "दूध नाही म्हणून कावीळ वाढली, कावीळ वाढली म्हणून झोप वाढली, झोपेमुळे परत दूध नाही. पिवळी कधीपासून दिसतेय?"

आई खाली बघत होती. मी सांगितलं, "पाचव्या दिवसापासून. आम्हाला वाटलं, रंग उजळतोय."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वेळेत आलात असं समजू या. उद्यापर्यंत बघावं लागेल," एवढंच म्हणाल्या.

मुलीला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. अंगावर फक्त लंगोट. तिला उचलून घेऊन बसायची परवानगी नव्हती. पाजण्यापुरतं काढायचं, तेही ती चोखेल तर. नाहीतर दूध पिळून बोंडल्यानं पाजायचं. बोंडलं म्हणजे चोचीची लहान वाटी. आईनं बाबांना फोन करून घरचं बोंडलं मागवलं, माझ्या वेळचं. दर दोन तासांनी मी पिळायचे, आई वाटी धरायची, आणि मग मुलीच्या गालाच्या आतल्या बाजूनं थेंब थेंब. पहिल्या दिवशी अर्धं तोंडातून बाहेर यायचं. आई ते मानेवरून पुसायची आणि म्हणायची, "गिळ व माय. गिळ." एकदा वाटीच्या तळाशी थोडं दूध उरलं. सिस्टर म्हणाली टाकून द्या. आईनं ते टाकलं नाही. वाटी हातात धरून मला म्हणाली, "म्या किती दूध झाडाले घातलं व." मी निळ्या दिव्याकडे तोंड फिरवलं. तिला क्षमा करणारी मी कोण? लंगोटावरचे डाग बघून मावशीला झापणारी मीच होते. पण त्या क्षणी ती एकटी पडली, आणि मी तिला पडू दिलं. ते मला अजून बोचतं.

संध्याकाळी नवरा आला, कारखान्याच्या कपड्यांतच. काचेतून तो निळा उजेड बघून त्यानं विचारलं, "किती दिवस?" मी म्हणाले, "रंग उतरेपर्यंत." मग मला लक्षात आलं की मी काय म्हणाले. दर तासाला मी त्या काचेला नाक लावून बघत होते, पोटावरचं पिवळं कमी झालं का, मांड्यांवरचं झालं का. माझं लेकरू परत काळं व्हावं म्हणून मी जीव टांगणीला लावून उभी होते. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं एवढं ते मागत होते, आणि आमच्या घरात मागायला देवही नव्हता.

दुसऱ्या दिवशी टाचेत सुई टोचल्यावर मुलीनं बारीक आवाज केला. सिस्टर खूश झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा बंद केला, पट्टी काढली आणि तिला माझ्याकडे दिलं. कपाळ, गाल, छाती, सगळं तपकिरी, माझ्या मनगटाशेजारी ठेवलं तर कुठे मी संपते आणि कुठे ती सुरू होते ते कळू नये असं. वजन थोडं वर सरकलं होतं. माझ्या मांडीवर ती झोपली, आणि मी सवयीनं टिचकी मारायला बोट उचललं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. अमरावतीहून सकाळच्या गाडीनं, डबा घेऊन, घामाघूम होऊन. आल्या आल्या त्यांनी वाकून नातीकडे बघितलं. वाईट नाहीत त्या. तीन दिवस त्याही जेवलेल्या नव्हत्या. पण तोंडातून आलं ते आलंच.

"अव माय! काळी पडली ना पोट्टी."

खोलीत दुसऱ्या खाटेवरचे लोकही बघायला लागले. मी काही बोलायच्या आत आई उठली. बोंडलं तिच्या हातात होतं. व्याह्यांच्या माणसांपुढे कधी आवाज न चढवणारी माझी आई.

"काळी नाई पडली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "बरी झाली. असाच रंग हाय तिचा. असाच पाहिजे."

त्या आवाजानं मुलगी दचकली. तिनं डोळे उघडले, तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. कुणीही टिचकी मारलेली नव्हती. चांगली ताणून, लाल होऊन, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी ती भुकेनं रडली. सासूबाई घाबरून म्हणाल्या, "काहून रडून राहिली?" आई म्हणाली, "भूक लागली तिले. सरका बाजूले."

मी तिला छातीशी धरलं. कळ गेली, मी श्वास रोखून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाच. चाळीसच्या पुढे कुठेतरी माझा आकडा चुकला.